लिंबाची साल कोणाच्या वाट्याला

"आधी नळ सोडायचा, मग बटण दाबायचं. बटण बंद केलं तरी पाणी थोडा वेळ चालू ठेवायचं. आणि काहीही होवो, हिच्या तोंडात हात घालायचा नाही. कधीच नाही."

हा आवाज थोरल्यांचा, म्हणजे या घरातल्या मोठ्या भावाचा. मला सिंकखाली बसवले त्या सकाळी ते फरशीवर उकिडवे बसून आपल्या बायकोला बजावत होते. ती ओले हात पुसत उभी होती. तिने मान हलवली आणि एवढेच म्हणाली, "नाही घालणार." त्या माऊलीने शब्द दिला की तो दगडावरची रेघ. पुढे त्या शब्दापायीच सगळे घडले, पण ते ओघाने येईल.

मित्रांनो, मी एक जुनी चक्की आहे. पिठाची नव्हे. पिठाच्या चक्कीला लोक डबे घेऊन रांग लावतात. माझ्याकडे कोणी डबा घेऊन येत नाही. मी सिंकच्या भोकाखाली टांगलेली असते. ताटातले उरलेसुरले, भाजीची देठे, चिकटलेला भात असे जे काही पाण्याबरोबर खाली येते, ते मी दळून बारीक करते आणि पाइपात सोडून देते. कंपनीने मला लांबलचक नाव दिले होते. घरात मात्र सगळे मला 'खालची चक्की' म्हणतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाची एक चकती, तिच्यावर दोन बोथट ठोकळे, भोवती खरखरीत कडे आणि पोटात मोटर, असा माझा देह. मला दात आहेत असे मुलांना वाटते. दात नाहीत आणि पातीही नाहीत. बर्फ घातला की माझ्या पात्यांना धार येते असे कोणी तुम्हाला सांगितले तर मनातल्या मनात हसा. जिथे पातेच नाही तिथे धार कुठून येणार? मी आपली गरगर फिरते आणि आलेले कड्यावर आपटून आपटून बारीक करते. तोंडाशी रबराच्या पाकळ्या आहेत, म्हणजे आतले वर उडू नये.

कारखान्यात एक बाई तपासणीला होती. तिने मला चालवून पाहिले, कान लावला आणि पुढे गेली. माझ्या शेजारच्या मशीनची मात्र तिने पाठ थोपटली. आम्ही दोघी एकाच साच्यातल्या, एकाच दिवशीच्या. तेव्हापासून सांगते, माझ्या लोखंडात थोडा हेवा मिसळलेला आहे. तो गंजासारखा आहे. पुसला तरी दमट हवा लागली की पुन्हा येतो.

या घरात आल्यावर हेवा करायला काय कमी होते? फ्रिज उघडला की त्याच्या पोटात दिवा लागतो आणि उघडणाऱ्याचा चेहरा उजळतो. मुले भूक नसतानाही त्याच्यासमोर उगाच उभी राहतात. मिक्सर ओट्यावर मानाने बसतो, त्याला मऊ फडक्याने पुसतात. आणि मी? सिंकखालच्या अंधाऱ्या कपाटात, साबणाची बाटली, झिजलेल्या घासण्या आणि घामेजलेला पाइप यांच्या संगतीला. मला तोंड आहे, पण खिडकी नाही. वर बघितले की एक गोल, ओला उजेड दिसतो. तेवढेच माझे आभाळ.

पण एक गोष्ट माझ्याकडे होती, जी फ्रिजकडे नव्हती आणि मिक्सरकडेही नव्हती. थोरलीचा नेम.

थोरली, म्हणजे थोरल्यांची बायको, हळू आवाजाची बाई. घरातली मुले तिला 'मोठीआई' म्हणतात. तिचे दिवसभराचे सगळे नेमाने चाले. पहाटे दिवा लावून हात जोडायचे, मग दुपारची जेवणे, संध्याकाळी पुन्हा दिवा. त्या नेमांच्या माळेत तिने एक मणी माझाही ओवला होता. रात्रीची भांडी झाली की ती माझ्या तोंडात मूठभर बर्फ आणि चमचाभर जाडे मीठ टाकी, थंड पाणी सोडी आणि बटण दाबी. बर्फ आणि मीठ आत खडखड करत फिरत आणि कड्याला चिकटलेले सगळे खरवडून नेत. आठवड्यातून एकदा खाण्याचा सोडा घालून वर व्हिनेगर ओती. फसफस फेस येई. तो तसाच थोडा वेळ राहू द्यायचा आणि मग गरम पाणी. आणि सगळ्यात शेवटी लिंबाच्या साली, बारीक चिरून. अख्खी साल टाकली तर मला ठसका लागतो हे तिला ठाऊक होते.

त्या लिंबाच्या सालीचे काय सांगू, मित्रांनो. साल आत दळली जाई आणि तिचा वास माझ्या तोंडातून वर येई, तेव्हा थोरली सिंकवर वाकून डोळे मिटून एक लांब श्वास घेई. तो श्वास म्हणजे माझी शाबासकी. फ्रिजसमोर कोणी डोळे मिटून उभे राहिलेले मी कधी ऐकले नाही.

मग एका वर्षी थोरलीला ताप आला. बरेच दिवस ती अंथरुणाला खिळून होती. उठली तेव्हा अंगाने रोडावली होती, पण उठल्या संध्याकाळी आधी माझ्याकडे आली. बर्फ घातला, मीठ घातले, लिंबाच्या साली घातल्या. वाकली. डोळे मिटून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिने डोळे उघडले आणि ती तशीच सिंकच्या काठाला धरून उभी राहिली.

तिला वासच येत नव्हता.

तापाने तिचे नाक नेले होते. तिने साबण हुंगून पाहिला, कांदा हुंगला, व्हिनेगरच्या बाटलीला नाक लावले. काही नाही. तेव्हा तिने बाटलीचे झाकण लावले, ओटा पुसला आणि दिवा मालवून निघून गेली. कोणाला सांगितले नाही. नवऱ्यालाही नाही. ज्या बाईच्या हाताखाली सगळ्या घराचे जेवण शिजते, तिला करपल्याचा वास येत नाही हे कळले तर उद्या पळी दुसऱ्याच्या हातात जाईल, असे तिला वाटले असावे. ती आता आवाजावरून स्वयंपाक करू लागली. कांद्याची चरचर बदलली की गॅस बारीक करी. दूध उतू जाण्याआधी त्याच्याकडे टक लावून उभी राही. कोणी म्हणाले, "काय वास सुटलाय," की ती म्हणे, "हो ना."

हे गुपित फक्त मला ठाऊक होते. खरे सांगायचे तर मी सुखावले होते. इतके मोठे गुपित फ्रिजकडे नव्हते.

पण सुखाला नजर लागायला वेळ लागत नाही. धाकटा दीर नोकरी बदलून बायको-मुलीसह या घरात राहायला आला. त्याची बायको, म्हणजे धाकटी, चटपटीत, बोलकी आणि हातात सतत काहीतरी नवे. ट्रंका आणि गाद्यांबरोबर तिने एक हिरव्या झाकणाचा डबा आणला.

"हा कशाला?" थोरलीने विचारले.

"साली-टरफलांचा, ताई. यात साठवायचं आणि मागच्या अंगणात खड्ड्यात नेऊन टाकायचं. खत होतं. पाणीही वाचतं."

"आपल्याकडे चक्की आहे."

"असू दे ना. तिला जरा विश्रांती."

विश्रांती. कोणी न मागता दिलेली विश्रांती म्हणजे घरी बसवणे, हे शहाण्यांना सांगावे लागत नाही.

त्या डब्याला जागा कुठे मिळाली? खिडकीत. जिथे सकाळचे ऊन येते तिथे. आणि त्याच्या पोटात काय जाई? केळ्याच्या साली, मटारची टरफले, मक्याची सोललेली पाने आणि, मित्रांनो, लिंबाच्या साली. सगळ्याच्या सगळ्या. मला उरले ते तेलकट पाणी आणि ताटाच्या कडेची चिकट घाण. वर तो डबा रोज सकाळी फिरायला जाई. धाकटी त्याला कडेवर घेऊन अंगणात नेई, त्याला वारा लागे, आभाळ दिसे, आणि परत आल्यावर त्याला उन्हात पालथा घालून वाळवत. शेजारीण आली की त्याचे झाकण उघडून दाखवत. "बघा, जरासुद्धा वास नाही." कचऱ्याच्या डब्याचे इतके कौतुक मी माझ्या जन्मात ऐकले नव्हते. माझ्या पोटातला बर्फही कढला असता.

थोरलीचेही तसेच होते. ती तोंडाने काही बोलत नसे, पण भांडी विसळताना तिच्या हाताचा जोर मला कळे. धाकटीने भाजी केली की घरचे बोटे चाटत. "मसाल्याचा वास काय खमंग आलाय," असे थोरले एकदा म्हणाले आणि त्या दिवशी मिठाचा चमचा माझ्या तोंडाच्या कडेवर जरा जास्तच जोरात आपटून गेला. आम्ही दोघी एकमेकींच्या मनातले जाणत होतो. ती वर जळत होती, मी खाली.

आता दुर्दैव असे की माझ्या तोंडाला खरोखरच वास येऊ लागला होता.

थोरलीचा नेम चुकला नव्हता. बर्फ, मीठ, सोडा, व्हिनेगर, सगळे वेळच्या वेळी होते. लिंबाऐवजी ती माझ्यासाठी कधी संत्र्याची साल चोरून ठेवी. पण हे सगळे माझ्या पोटात जाई. घाण पोटात नव्हती. ती होती तोंडाशी, रबराच्या पाकळ्यांच्या खालच्या बाजूला. दळताना आतले उडते ते तिथे आदळते आणि चिकटते. वरून पाकळ्या स्वच्छ, काळ्या, चकचकीत. खालून बुळबुळीत थर. वर्षानुवर्षांचा. नाक शाबूत असते तर त्याची चाहूल तरी लागली असती. आता तेही नव्हते. आणि हात लावून पाहायचा तर शब्द दिलेला, तोंडात हात घालायचा नाही. पाकळ्यांनाही ती बोट लावत नसे. घरच्यांनी सांगितले तेवढेच पाळून तिचे भागत नसे, ती त्याच्याही दोन पावले अलीकडे थांबणारी बाई.

एका दुपारी धाकटी भीतभीत म्हणाली, "ताई, सिंकमधून जरा वास येतोय का हो?"

थोरलीचा हात थबकला. "मला तर नाही आला."

"नाही, म्हणजे थोडासा."

"रोज रात्री घासते मी तिला. तू झोपायला जातेस ना, त्यानंतर."

धाकटी ताटे आवरू लागली. पण थोरलीच्या मनात काटा रुतला. तिला वाटले, वास-बिस काही नाही. हिला चक्की काढून टाकायची आहे. आज चक्की, उद्या पळी, परवा मी.

मला खरे ठाऊक होते. पण मला बोलता येत नाही. आणि बोलता आले असते तरी माझ्या तोंडाला वास येतो असे मी कोणत्या तोंडाने सांगितले असते?

मग नणंद आली. थोरल्यांची बहीण, परगावी राहणारी, फटकळ पण मनाने निर्मळ. चहाला म्हणून स्वयंपाकघरात शिरली आणि दारातच थांबली. सरळ खिडकीपाशी गेली, हिरव्या झाकणाचा डबा बाजूला सरकवला आणि खिडकी सताड उघडली. मग नाकाला रुमाल लावून म्हणाली, "वहिनी, चहा आपण बाहेरच घेऊ या का?"

थोरलीने पाहिले की धाकटी खाली बघत होती. तिला वाटले, हिनेच सांगितले. हिनेच नणंदेचे कान भरले.

पाहुणी गेली. धाकटी मुलीला घेऊन दुकानात गेली. घरात थोरली एकटी होती. ती खिडकीपाशी गेली. तो डबा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापाशी आणला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. झाकण उघडले आणि सगळेच्या सगळे माझ्या तोंडात आले. केळ्याच्या साली, कांद्याची टरफले, मक्याची लांब लांब पाने आणि केस, आणि त्यात लिंबाच्या साली, इतके दिवस त्याच्याच वाट्याला जाणाऱ्या. थोरली लाकडी चमच्याच्या दांड्याने ते आत ढकलत होती आणि पुटपुटत होती, "घे. घे तुझं." माझ्या मनात आले, आले शेवटी माझे दिवस. नळ सुटला, बटण दाबले गेले आणि मी अधाशासारखी फिरले.

दोन फेऱ्यांतच मक्याचे केस माझ्या चकतीच्या मानेला गुंडाळले गेले. पाने ठोकळ्यांखाली दुमडून बसली. मी गुरगुरले, हुंकारले, माझ्या पोटात आग झाली आणि खट्ट करून सगळे बंद पडले. वर सिंकमध्ये पाणी तुंबले. दुसऱ्याचे ताट ओढून घेतले की घास घशातच अडकतो.

थोरली घाबरली. तिने आधी काय केले असेल? तो डबा धुतला. राख लावून घासावा तसा घासला, लखलखीत केला आणि खिडकीत होता तसा ठेवून दिला.

संध्याकाळी थोरले आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "उद्या प्लंबरला बोलावतो. काढूनच टाकू. नाहीतरी या वासापायी कधीतरी काढायचीच होती."

थोरली ओटा पुसता पुसता थांबली. "तुम्हालाही येतो?"

"येतो म्हणजे? सगळ्यांनाच येतो. तुला सवय झाली असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू रोज जीव लावून घासतेस. मी म्हटलं असतं तर तुला लागलं असतं. धाकटीने एकदा तोंड उघडलं तर तू दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाहीस."

"आणि तुमच्या बहिणीला कोणी सांगितलं?"

"तिला सांगायला कशाला हवं? तिला नाक आहे."

थोरली खुर्चीवर बसली. तिला नाक आहे. एवढे साधे वाक्य, पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. धाकटी खोटे बोलली नव्हती. घरातले सगळे खोटे बोलत होते, तिच्यावरच्या मायेपोटी, आणि खरे बोलणारी तेवढी एकटी तिला वैरीण वाटली होती.

सकाळी देवापुढे हात जोडून ती उठली आणि सरळ माझ्याकडे आली. प्लंबर यायला अवकाश होता. तिने कपाटाचे दार उघडले, साबणाची बाटली बाजूला ठेवली आणि सगळ्यात आधी माझी विजेची पिन भिंतीतून उपसून काढली. मुलांनो, हे नीट ऐका. माझ्याजवळ यायचे ते मोठ्यांनी, आणि तेही पिन काढून. तुम्ही नुसते बघायचे.

तेवढ्यात धाकटी आली. फरशीवर बसलेल्या थोरलीला पाहून ती दारातच थबकली.

"ताई, हे काय? प्लंबर येतोय ना?"

"बस जरा. तुझ्याशी बोलायचंय." थोरलीने मान वर केली नाही. "मला वास येत नाही."

"सिंकचा?"

"कसलाच. ताप आला होता ना, तेव्हापासून. चहाचा नाही, कांद्याचा नाही. तू म्हणालीस तेव्हा मला वाटलं, टोमणा मारतेस."

धाकटी तिच्याशेजारी फरशीवर बसली. मी वर पाहत होते. त्या गोल उजेडात काहीच दिसत नव्हते, पण नळाचे थेंब पडत होते तेवढे ऐकू येत होते.

"म्हणून तुम्ही दुधापाशी उभ्या राहता," धाकटी म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून."

थोरली किंचित हसली. मग म्हणाली, "अजून एक. तुझा डबा मीच ओतला हिच्यात."

"ते कळलं मला."

"कसं?"

"इतका स्वच्छ घासलेला होता. तो मी थोडाच घासला असेन?"

आता दोघीही हसल्या. थोरलीला हसता हसता डोळे पुसावे लागले.

मग दोघी कामाला लागल्या. तुंबलेले पाणी वाटीने काढले. धाकटीने दिवा धरला आणि थोरलीने लांब चिमटा घालून मक्याचे केस एकेक करून ओढले. माझ्या बुडाला एक भोक आहे, त्यात वाकडी किल्ली घालून मागेपुढे फिरवली, तशी माझी चकती सैल झाली. हे सगळे झाले, तरी धाकटी नाक मुरडत म्हणाली, "ताई, अजून येतोय. आणि खालून नाही येत, इथून वरूनच येतोय." तिने पाकळ्यांकडे बोट दाखवले.

थोरलीने पाकळ्यांकडे पाहिले. मग तिने भिंतीतून काढलेली पिन पुन्हा एकदा बघितली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने दोन बोटांनी रबराची कड धरली. कड वर आली. ती अख्खी गोल पाकळ्यांची टोपी सुटी होऊन तिच्या हातात आली. ती काढता येते हे तिला माहीतच नव्हते. थोरल्यांनाही नव्हते. तिने ती उलटी केली.

"अगं बाई," ती म्हणाली. तिच्या नाकाने जे सांगितले नसते ते तिच्या बोटांनी सांगितले. बुळबुळीत, जाड, काळा थर. "मी रोज पोट धुतलं आणि तोंड तसंच ठेवलं."

मला काय वाटले असेल? लाज वाटली. आणि लाजेबरोबर, देवाशपथ, हायसेही वाटले. आपल्यातले जे आपल्याला काढता येत नाही ते दुसऱ्याने पाहिले, की आधी अंग आक्रसते आणि मग हलके होते.

थोरलीने जुना ब्रश घेतला. सोड्यात थोडे पाणी घालून लगदा केला आणि एकेक पाकळी उलटून घासली. माझ्या गळ्याच्या कडाही लांब दांड्याच्या ब्रशने घासल्या. मग सोडा, वरून व्हिनेगर, फसफस, गरम पाणी. टोपी परत बसवली. पिन लावली, बुडाचे पुन्हा सुरू करण्याचे छोटे लाल बटण दाबले. बर्फ आला, जाडे मीठ आले, थंड पाणी आले आणि बटण दाबल्याबरोबर मी अशी फिरले, जशी कारखान्यातून निघाले त्या दिवशी फिरले होते.

धाकटीने एक लिंबू कापले. रस सरबतासाठी काढून ठेवला, साल बारीक चिरली. अर्धी माझ्या तोंडात टाकली आणि अर्धी डब्यात. अर्धी. मी मोजत होते हे मला लपवता येणार नाही. पण ती अर्धी साल मी इतक्या हळू दळली की वास बराच वेळ दरवळला. धाकटीने वाकून डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"कसा आहे?" थोरलीने विचारले. तिच्या आवाजात परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारे मूल होते.

"सकाळसारखा," धाकटी म्हणाली.

थोरली ते ऐकत राहिली, जणू ऐकूनच वास घेत होती. मग ती म्हणाली, "मला एक कबूल कर. पुन्हा वास आला तर मला सांगायचं. मागून नाही, उद्या नाही. त्याच वेळी. कोणी बसलेलं असो नसो."

"आणि तुम्ही चिडलात तर?"

"चिडेन. तरी सांगायचं."

"बरं. कबूल."

प्लंबर आला, त्याने बटण दाबून पाहिले, "काढायचं काय यात?" असे म्हणून चहा पिऊन गेला.

मित्रांनो, तेव्हापासून माझे बरे चालले आहे. आठवड्यातून एकदा माझी टोपी निघते. तेल माझ्यात ओतत नाहीत, दोऱ्यासारखे लांब काही टाकत नाहीत. मक्याची पाने डब्याची, हे मी मान्य केले आहे. तो खिडकीत आहे आणि मी अंधारात आहे. त्याचे ऊन मला अजून खुपते, पण पूर्वीइतके नाही. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल, सिंकखाली, कपाटामागे, कोपऱ्यात, तर एकदा मोठ्यांना घेऊन वाका आणि त्याच्या तोंडाची खालची बाजू बघा. वरून चकचकीत दिसते म्हणून सोडून देऊ नका. आणि त्याला वास येत असेल तर नाक दाबून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. काढून फेकणे सोपे असते. आधी सांगावे, मग घासावे.

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. दुपारी बाहेरच्या खोलीत माणसे जमली होती. थोरल्यांच्या कचेरीतले लोक, त्यांच्या बायका. थोरलीने सगळा स्वयंपाक स्वतः केला होता आणि ती मधोमध बसून वाढत होती. चार कौतुकाचे शब्द आत ऐकू येत होते. धाकटी रिकामी पातेली ठेवायला स्वयंपाकघरात आली. शेगडीवर थोरलीने पाहुण्यांसाठी गोडाचे दूध आटायला ठेवले होते. आवाज नव्हता, वर काही उतू जात नव्हते. पण धाकटीने नाक वर केले आणि ती थांबली. बुडाशी लागले होते. नुकतेच, थोडेसे.

ते उतरवून, वरचे दुसऱ्या भांड्यात ओतून, वेलदोडा घालून तिला वेळ मारून नेता आली असती. कोणाला कळले नसते. थोरलीला तर नाहीच. तिचा मान राहिला असता आणि धाकटीला शहाणी म्हणून शाबासकीही मिळाली असती, निदान तिच्या मनाची.

तिने गॅस बंद केला. कढईकडे एकदा पाहिले, बाहेरच्या हसण्याकडे कान दिला. मला तेव्हा पुन्हा हेवा वाटला, मित्रांनो, पण डब्याचा नव्हे. थोरलीचा. आपल्याला खरे सांगायला कोणी उठून येणार आहे, ही केवढी श्रीमंती.

धाकटीने हात पुसले आणि पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत, थोरलीच्या कानापाशी वाकण्यासाठी, ती बाहेर निघाली.